मागे ठेवलेलं माणूस

खर्जकाका सरकारी ऑर्केस्ट्रात डबल बास वाजवायचे. परदेशी जायचं ते मैत्री वाढवायला, असं खात्याचे साहेब दर भाषणात सांगत. मैत्री एवढी उतू चाललेली, पण वादकांवर काडीचा विश्वास नाही! ज्याचं घरी कोणी असेल त्यालाच दौऱ्यावर नेत. तो तिकडेच राहिला, तर मागच्या माणसाची नोकरी जाई आणि घरही. काका विधुर, एकुलती एक मुलगी लग्न होऊन परदेशी गेलेली. त्यामुळे प्रत्येक दौऱ्यात त्यांच्या जागी दुसराच उभा राही.

या वेळी दौरा मुलीच्याच शहरात होता. नातवाचं तोंडही काकांनी पाहिलेलं नव्हतं. तेव्हा साठीला टेकलेल्या काकांनी चक्क लग्न केलं, वादकांचे काळे कोट शिवणाऱ्या बाईंशी. बाईही एकट्याच होत्या. तालमीच्या हॉलमागे त्या मशीनवर बसलेल्या असताना काकांनी विचारलं, पण दौऱ्याचं अवाक्षर काढलं नाही. बाईंनी दाताने दोरा तोडला आणि हो म्हटलं. वादकांनी काकांची मनसोक्त टर उडवली, साहेबांनी मात्र दौऱ्याला मंजुरी दिली.

तिकडे कार्यक्रम झकास रंगला. नंतर ग्रीनरूममध्ये मुलगी नातवाला घेऊन आली. दारात खात्याचा माणूस उभाच होता. तिने गळ्यात पडून कानात सांगितलं, "बाबा, मागच्या दाराशी गाडी आहे. आता परत जायचं नाही."

एक पाऊल टाकायचाच काय तो अवकाश होता. पण मशीनवर वाकलेल्या बाई डोळ्यांपुढून हलेनात.

"माझ्यामागे तिची वाट लागेल गं," ते पुटपुटले.

मुलगी मागे सरली. "आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तुम्ही एक तालीम चुकवली नाहीत. आणि हिच्यासाठी परत जाताय."

नातवाला उचलून ती निघून गेली. तो काकांशी एक शब्दही बोलला नव्हता.

काका घरी परतले तेव्हा पेपरात दोन देश जवळ आल्याची बातमी होती. बाईंनी पाणी दिलं, मुलगी भेटली का विचारलं. काकांनी मान डोलावली आणि उपकार केल्यासारखं म्हणाले, "तुमच्यासाठी आलो."

"तारण ठेवलं होतंत, सोडवायला आलात," बाई म्हणाल्या. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. वाटलं, निघण्यापूर्वी एकदा तरी खरं सांगाल."

भरून ठेवलेली पिशवी त्यांनी उचलली. काकांनी अडवलं नाही. कुठल्या तोंडाने अडवणार?