ताण कमी करा

बिस्किटांच्या कारखान्यात मी एकोणतीस वर्षं पॅकिंगला उभी राहिले. सगळ्यात किळस यायची ती बिस्किटात भाजून निघालेल्या केसाची. टोक धरून ओढलं की बिस्किट फुटायचं आणि जळका वास नाकात बसायचा.

म्हणून नव्या बाईला मी आधी अंबाडा शिकवायची. केस ओले करायचे, भुवया वर चढेपर्यंत ओढायचे, मग जाळी, मग टोपी. ढिला अंबाडा म्हणजे ढिलं काम, असं मी सुनावायची.

चिमणी माझ्या हाताखाली शिकलेली. अंगाने एवढीशी, म्हणून चिमणी. अकरा वर्षांत तिच्या पट्ट्यावर एक केस सापडला नाही. पण तेहेतिशीतच तिची कानशिलं उघडी पडली. कातडी चकचकीत, कडेला पुळ्या. नणंदेने कसलंसं हिरवं तेल दिलं. टोपीखाली ते तापलं की कुजक्या पाण्याचा वास सुटायचा. शेजारी उभं राहवत नसे.

शेवटी ती दवाखान्यात गेली. जेवणाच्या सुट्टीत सांगत होती, "रक्त तपासलं, सगळं ठीक आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताणाने जाताहेत. ताण कमी करा."

"तुला गं कसला ताण?" मी म्हटलं. "नवरा गरीब स्वभावाचा, पोरगी शहाणी."

"हेही तेच म्हणतात. म्हणे, ताण मला आणि टक्कल तुला कसं?"

बायका खोखो हसल्या. मीही हसले.

चिमणीने मात्र मनावर घेतलं. जादा पाळी सोडली. रोज सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून बसू लागली. आणि गळणारा केस बिस्किटात जाऊ नये म्हणून अंबाड्याला दुसरं रबर लावलं.

आठ महिन्यांनी कपाळावरचे केस आणखी मागे सरकले, तेव्हा मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले.

"अजून असेच आवळता?" डॉक्टरीण म्हणाली. "ताण कमी करा म्हटलं होतं ना?"

"करते की. दहा मिनिटं डोळे मिटून बसते."

डॉक्टरीण बघतच राहिली. मग तिने स्वतःची बट धरून ओढली. "अहो, हा ताण!"

बाळंतपण, मोठं आजारपण, थायरॉईड, रक्तातलं लोह, वय: बायकांचे केस जायला कारणं पुष्कळ, ती म्हणाली. पण कडेने असे गेले तर आधी बांधणी बघायची. तेव्हाच सैल केले असते तर बरेचसे परत आले असते. आता पुढची मुळं मेली. मागचे वाचतील.

एवढं आठ महिन्यांपूर्वी बोलायला हिचं काय जात होतं? असं अर्धवट पाकीट आम्ही कधी पुढे सरकवलं नाही.

"बांधायला कोणी शिकवलं?"

"कारखान्यात असंच बांधतात," चिमणी म्हणाली.

"मी शिकवलं," मी म्हटलं. स्वतःचीच शिसारी आली.

घरी नेऊन तिला स्टुलावर बसवलं. सैल वेणी, दोन जाळ्या, वर टोपी. "मान झटक." तीन केस पडले. सोडून पुन्हा बांधली. चौथ्यांदा एकही पडला नाही.

"दुखत नाहीये," ती म्हणाली.

"काय?"

"डोकं. रोज दुपारपर्यंत ठणकायचं. मला वाटायचं, सगळ्यांचंच ठणकतं."