स्वतःशीच न जुळणारी संख्या

मी एकदा प्रोग्रॅममधली एक ओळ खोडली आणि एका मुलीच्या साखरपुड्याची सुरमई धोक्यात घातली.

ओळ अशी होती: तापमान जर तापमानाच्याच बरोबर नसेल, तर घंटा वाजव. वाचून मी खुर्चीत लोळून हसले. लिहिणारे साहेब नुकतेच रिटायर झालेले; म्हटलं, जाता जाता डोकं फिरलं बिचाऱ्यांचं. चारकोपच्या आमच्या गाळ्यात शीतखोल्यांसाठी धोक्याची घंटा वाजवणारी यंत्रं बनायची. मी अडतीस वर्षांची, सी भाषेचा कोर्स ताजा, सर्टिफिकेट लॅमिनेट करून टेबलावर उभं केलेलं. अशी बाई दुसऱ्याची ओळ ठेवते होय? उडवली. वर सगळ्यांना वाचून दाखवली.

पंधरा दिवसांत खारदांड्याच्या कोळीवाड्यातली एक मावशी यंत्र काखोटीला मारून हजर. तिच्या शीतखोलीत उंदराने तारा कुरतडलेल्या, मोटरचीही आणि सेन्सरचीही. खोली तापत गेली आणि आमचं यंत्र हिरवा दिवा लावून खुशाल बसलं.

"माज्या नाकानं वाचवली मासली. तुज्या मशीनला नाक नाय?"

सुरमई तिने तात्पुरती बर्फात घातलेली. मोटर दुरुस्त झाली होती, पण लेकीचा साखरपुडा परवावर. यंत्र आजच हवं होतं. मी खोडलेली ओळ काढून पुन्हा वाचली.

तेव्हा कुठे उजेड पडला. सेन्सरची तार तुटल्यावर यंत्राने शून्याला शून्याने भागलं होतं. त्यातून जे निघतं ती संख्याच नसते, आणि ती कशाच्याच बरोबर नसते, स्वतःच्यासुद्धा. घंटेची मर्यादा उणे पाच अंश; त्यापेक्षा जास्त आहेस का विचारलं, तरी उत्तर 'नाही'. मग घंटा कशाला वाजेल? साहेबांची ती येडी ओळ नेमकी हिलाच पकडायला बसवलेली.

मावशीला स्टुलावर बसवून मी नव्याने लिहिलं. सीमध्ये एफपी-क्लासिफाय नावाची सोय आहे. आलेली किंमत ती पाचांपैकी एका टोपलीत टाकते: शून्य, साधी, शून्याला चिकटलेली इवलीशी, अनंत, आणि संख्याच नाही. शेवटच्या दोन टोपल्यांत काही पडलं की घंटा.

"आमी पन मासली अशीच वेगली करतो," मावशी म्हणाली.

तपासायला मी सेन्सरची तार उपटली. घंटा अशी कोकलली की शेजारच्या गाळ्यातली माणसं बाहेर आली. मावशी टाळ्या पिटत हसायला लागली, मग मीही, आणि हसता हसता कबूल करून टाकलं की ती ओळ मला समजली नव्हती, म्हणून मीच खोडली होती.

यंत्र काखेत घेऊन ती दारापर्यंत गेली, वळली.

"बाय गो, मशीनला नाय समजला तं आता बोंब मारतं. तू पन मारीत जा. परवा जेवाला ये, पन तुला शेपटीचीच तुकडी."