फळ्यावरची म्हैस

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. मी इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचो. डाळजची एक मुलगी प्रत्येक प्रश्नाला सगळ्यात आधी हात वर करायची. ‘शाळेत जाताना मला म्हैस दिसली’ हे तिनं इंग्रजीत लिहिलं, ‘आय सॉ अ बफेलो गोइंग टू स्कूल.’ म्हणजे शाळेला म्हैसच निघाली. ‘गोइंग टू स्कूल’ आधी घे, एवढं सांगून भागलं असतं. मी फळ्यावर दप्तर अडकवलेली म्हैस काढली आणि विचारलं, “कितवीत आहे गं ही?” वर्ग हसून लोळला. मधल्या सुट्टीत पोरं तिला म्हणत होती, “ए म्हशी, हजेरी लाव की!”

पुढच्या आठवड्यात जेरंड शिकवताना तेच ‘गोइंग’ नाम म्हणून वापरून दाखवलं. ‘आय लाइक गोइंग टू स्कूल’, मला शाळेत जायला आवडतं. तिला म्हटलं, “तू म्हण.”

ती खाली बघत म्हणाली, “न्हाय येत, सर.” पुन्हा तिनं हात वर केला नाही.

परवा बारामतीच्या स्टँडवर तिनंच मला ओळखलं, वाकून नमस्कार केला. सोबत तिची लेक होती. “हेच बरं का, म्हशीवाले सर,” ती हसत लेकीला म्हणाली. मीही हसलो. तेवढ्यात गाडी लागली, दोघी चढल्या. मी खिडकीखाली उभा राहून नुसता हात हलवला.

बाळ, मी तुला हसायला नको होतं. माझं चुकलं.