घोडीचे मागचे पाय

लग्नात नवरदेवाला मिरवायची पांढरी घोडी आमच्याकडे होती. नव्वद सालानंतरचा काळ, शेवगावच्या बाजूचं गाव. शेत नावाला होतं. घोडी चालली तर घर चालायचं, नाही तर आम्ही नवराबायकोनं कोयता घेऊन कोपरगावकडं ऊसतोडीला जायचं, हे सासूनं मला नवी असतानाच सांगून ठेवलं होतं. मला ऊसतोड नको होती. घोडीवर माया वगैरे काही नव्हती. ती चावायची.

पावसाळ्यात लग्नं नसतात. घोडी सगळा पावसाळा दावणीला उभी राहिली. सासू तिला हरभऱ्याचा भरडा भिजवून घालायची, मला शिळी भाकर. दिवाळी झाली आणि घोडीचे मागचे दोन्ही पाय खुरांच्या वर सुजले. फार नाही. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा. पाय गरम नव्हते, ती लंगडतही नव्हती. हापसा बंद पडला म्हणून एकदा मी तिला पाण्याला लांब ओढ्यावर नेली. परत येईपर्यंत पाय निम्मे उतरले होते. सकाळी पुन्हा तसेच. उभं राहून भरत होते, दुसरं काही नव्हतं.

मी नवऱ्याला म्हटलं, "हिला रोज फिरवून आणा. सूज उतरती."

तो पत्ते खेळायला निघाला होता. "घोडी नाचवायला ठिवलीय, फिरवायला न्हाई."

"मग मी नेते."

सासू चुलीपुढून ओरडली, "ने की! बाईच्या हातात लगाम बघून गाव इचारील, घरातला गडी मेला का म्हनून. बँडवाले तर तोंडावर हसतील."

"काल वढ्यावर नेली तवा कोन मेलं, आत्याबाई?"

तिनं फुंकणी फेकून मारली. कपाळावर टेंगूळ आलं. ते काही फिरून उतरलं नाही.

तुळशीच्या लग्नानंतर लगेच पहिली वरात ठरली होती. सूज दिसायला नको म्हणून सासूनं गावातल्या डाग देणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावलं. बैल असो की माणूस, काहीही दुखलं की तो तापला विळा टेकवायचा.

मी म्हटलं, "मामा, आधी पाय दाबून तरी बघा."

"तू वैद्य हायेस का गं?"

"न्हाई."

"मग वठ धर."

घोडीचा वरचा ओठ दोरीत घालून पिळला की ती जागची हलत नाही. ते काम नवऱ्याचं. पण ती चावेल म्हणून त्याला भीती, म्हणून दोरी माझ्या हातात दिली. म्हाताऱ्यानं दोन्ही पायांवर आडव्या रेघा ओढल्या. केस जळाले, कातडं चरचरलं. घोडी उभ्या उभ्या मुतली, माझं लुगडं भिजलं.

सासू म्हणाली, "आता बघ कशी नाचती."

वरातीआधी नवरदेवाचा मामा घोडी बघायला आला. रेघांना पाणी सुटलं होतं, माश्या बसत होत्या.

"डागलीय?"

"सूज हुती जरा," नवरा म्हणाला. "आता बरी हाय."

"धडधाकट घोडीला कोन डाग देतं? आमचा नवरदेव आपटला म्हंजी? आदीच पोरगी कशीबशी मिळालीय त्याला."

तो दुसरी घोडी ठरवायला गेला. बँडवाल्यांत बोभाटा झाला, डागलेली घोडी, लंगडी. जखमा भरल्या, पण रेघांवर केस आले नाहीत. पुढचे दोन महिने आमच्या दारात कुणी फिरकलं नाही.

शेवटी घोडी वीटभट्टीवाल्याला विकली. त्यानं खाली बसून पाय चाचपला आणि हसायलाच लागला. "येडे का काय तुमी? उभी राहून भरलेत पाय. नुसती फिरवायची हुती."

"मग न्या अन् फिरवा," सासू म्हणाली.

त्यानं तिथंच घोडीच्या पाठीवर चाबूक ओढला आणि नेली.

ऊसतोडीचा हंगाम अजून उरला होता. मुकादमाचा ट्रॅक्टर दारात आला. मी भांडी आणि चूल ट्रॉलीत टाकली, वर चढले. घोडीच्या जागी बांधलेल्या शेळ्यांना पाला टाकायला सासू मागं राहणार होती. ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा ती नवऱ्याला ओरडून म्हणाली, "हिला फडात बसू दिऊ नगं. लई आळशी हाय."

नवरा म्हणाला, "व्हय."