अण्णांनी झोपवलेलं मशीन

हिरव्या रंगाचं, चांगलं तळव्याएवढं बटण होतं. त्यावर ‘इथून उतरवा’ आणि खाली बारीक अक्षरात ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’. मी बंद केला. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पोरांना ‘अनोळखी ठिकाणचं काही उतरवायचं नाही’ म्हणून ओरडण्यात माझं आयुष्य गेलं, आणि बायकोच्या लॅपटॉपवर मीच हा उद्योग करून बसलो. दुसऱ्या दिवशी शाळेत, तिच्या सातवीच्या वर्गात, प्रोजेक्टरनं भिंतीवर पानाच्या पेशी दिसायच्या त्या जागी पत्त्यांचा डाव मांडला गेला. संध्याकाळी तिनं लॅपटॉप माझ्या पुढ्यात ठेवला.

“घ्या, खेळा रमी. पोरांनी मला नियमबी शिकवलेत.”

मला हवं होतं एक जुनं सॉफ्टवेअर, एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर चालवणारं. अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, वडगावात साड्या विणायचे. नक्षी काढायचा त्यांचा प्रोग्रॅम फक्त जुन्या विंडोजवर चालायचा. म्हणून कॉलेजनं मोडीत काढलेला एक सर्व्हर आणून मीच त्याच्या पोटात ती विंडोज बसवून दिली होती. काम झालं की नीट बंद करा, असं शंभरदा सांगितलं. पण ते कसले ऐकतात. विणकर संध्याकाळी उठताना आडव्या धाग्याचा धोटा आहे तिथंच ठेवतो, वरून एक फडकं टाकतो. “रोज रात्री माग मोडून ठेवतंय व्हय रं कोण?” म्हणायचे, आणि ‘सस्पेंड’ दाबायचे. त्यांच्या भाषेत, मशीन झोपवायचे. सकाळी उठवलं की अर्धी रेघ तिथूनच पुढं.

उन्हाळ्यात एका दुपारी ते असंच मशीन झोपवून चहाला म्हणून बाहेर पडले आणि गल्लीच्या तोंडाशी कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटपलं होतं.

मागावर साडी अर्धी. अंग विणून झालेलं, पदर राहिलेला. आणि पदराची नक्षी त्या झोपलेल्या मशीनमध्ये, सेव्ह न केलेली. आमच्या घरात अर्धी साडी मागावरनं कापत नाहीत, आणि अडकलेल्या मागाची खंडेपूजा, म्हणजे नवमीची हत्यारपूजा, करत नाहीत. दसरा जवळ आला होता. त्यात पावसाळ्यात बंद खोलीत सर्व्हरची एक डिस्क गेली, नेमकी हे सॉफ्टवेअर असलेली. पोटातलं अण्णांचं मशीन दुसऱ्या डिस्कवर धडधाकट होतं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती लावून बघितली तर तिनं अट घातली, झोपेतलं सगळं टाकून द्या, मगच उघडीन. म्हणजे पदर गेलाच. जुनीच आवृत्ती पाहिजे होती, आणि त्या घाईत मी हिरवं बटण दाबलं.

रमीनंतर मी शहाण्यासारखा वागलो. कंपनीच्याच साइटवर, जुन्या ग्राहकांच्या कोपऱ्यात, माझ्या जुन्या खात्यावरनं ती आवृत्ती मिळाली. फाइलीला वाटेत कुणी हात लावलेला नाही हे कळावं म्हणून कंपनी अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक खूण देते. आपल्याकडच्या फाइलीची खूण काढायची आणि दोन्ही जुळवायच्या. हे काम कॉम्प्युटर डोळे झाकून करतो, पण माझा माझ्यावरचाच विश्वास उडाला होता. बायको मोठ्यानं वाचत गेली, मी पडद्यावर बोट सरकवत गेलो.

“सत्यनारायणाच्या पोथीला कधी एवढं लक्ष दिलं न्हाईसा,” ती मध्येच म्हणाली. माझं बोट चुकलं, परत पहिल्यापासून.

रविवारी दोघं वडगावला गेलो. आधी अण्णांच्या मशीनची नक्कल काढून ठेवली. सर्व्हरची नेटची वायर उपटून बाजूला टाकली, कारण या जुन्या सॉफ्टवेअरची भोकं आता कंपनीसुद्धा बुजवत नाही. मग नव्या डिस्कवर ते बसवलं, आणि नकलेवरच ‘उठव’ दाबलं. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

पडदा बराच वेळ काळा राहिला आणि एकदम उजळला. कोपऱ्यातल्या घड्याळात तीच दुपार होती. चौकटींवर पदर पसरलेला, कोयऱ्यांची रांग, आणि शेवटच्या कोयरीच्या देठाशी कर्सर लुकलुकत होता.

“आत्ता उठून गेल्यागत वाटतंय,” वहिनी म्हणाल्या.

नुसतं सेव्ह दाबायचं होतं. शेवटी बायकोनं माझ्या हातावर हात ठेवून दाबलं.

देठ अर्धाच होता. मी विचारलं, पुरा करू का?

“नको भावजी. तुमची रेघ मला लगेच कळंल.”

शेजारच्या विणकरानं पदर तसाच विणला. खंडेपूजेआधी साडी उतरली. वहिनींनी ती विकली नाही.

त्या रविवारी निघताना मशीन रीतसर बंद करायला मी बसलो, आणि हातानं आपसूक सस्पेंड दाबलं. स्कूटरवर वाटेत शहापूर लागलं. मग मागनं बायकोनं विचारलं, “बंद केलासा?”

“झोपवलं.”

“ऱ्हाऊ द्या तसंच,” ती म्हणाली. “चहा व्हायचाय त्येंचा अजून.”