नुसत्या पाण्याची नळी

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी बेळगावातल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होते. आमचं घर शहापूरचं, विणकरांचं. सुताचं तुटकं टोकसुद्धा टाकायचं नाही, हे माझ्या अंगात मुरलेलं. चाचणी झालेल्या नळीचं झाकण पुन्हा उघडायचं नाही, हा नियम मला पाठ होता. तरी चांगल्या नळ्या कचऱ्यात जाताना बघवेना. नव्या पोरींना सरावाला होतील म्हणून मी आठ नळ्या उघडल्या, नमुने मिसळायच्या खोलीतच धुतल्या आणि टेबलावर वाळत घातल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या थोरल्या बहिणीचा नमुना आला. ती ओली बाळंतीण, दवाखान्यातच होती. यंत्र तापलं की विषाणूपासून बनवलेल्या डीएनएचे दोन धागे सुटे होतात, निवलं की प्रत्येकावर नवा जोडीदार विणला जातो. एकाचे दोन, दोनाचे चार, अशा चाळीस फेऱ्या. पडद्यावर आक्काची रेघ वर चढली, म्हणजे पॉझिटिव्ह. मी लगेच बाळंतिणींच्या वॉर्डात फोन करून बाळ बाजूला करायला सांगितलं.

मग खाली बघितलं. शेवटच्या नळीत आम्ही मुद्दाम नुसतं पाणी घालतो, तिची रेघ आडवीच राहायला हवी. तीही चढली होती. माझा विश्वासच बसेना. दोनदा नंबर ताडून पाहिला. आदल्या दिवशीच्या नळ्यांत तयार झालेल्या अब्जावधी नकला मीच टेबलभर सांडल्या होत्या, आणि यंत्र इमानेइतबारे त्यांच्याच नकला काढत बसलं होतं. टेबल मात्र लख्ख दिसत होतं.

लॅबच्या मुख्य मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी त्या दिवसाचे सगळे रिपोर्ट रद्द केले. मी वॉर्डात पुन्हा फोन लावला, तोवर आक्काला कोविड वॉर्डात हलवलं होतं. आता नवा रिपोर्ट आल्याशिवाय तिला सोडता येणार नव्हतं. दुसऱ्या लॅबमधून निगेटिव्ह यायला तीन दिवस लागले. तोवर बाळ वरच्या दुधावर.

ती घरी आल्यावर मी तिच्यासमोर बसले. "आक्का, त्यो रिपोर्ट मीच केलता. माझ्या हातनं चुकलं."

बाळ अंगावर पीत नव्हतं, नुसतं रडत होतं. तिनं त्याला दुसऱ्या बाजूला घेतलं.

"ठावं हाय गं," ती म्हणाली. "मला हलवायच्या आदी डॉक्टर म्हणालते, परत तपासू, तवर हितंच ऱ्हावा. मीच नको म्हटलं. माझ्या बहिणीनं केलाय, चुकायचा न्हाय म्हटलं."