कानातली बाई आणि गुरुवारचं वाचन

ईशान, रेवा,

मी आयुष्यात मोठ्याने वाचताना एकदाही अडखळले नाही. त्या गुरुवारीही नाही, आणि सगळा घोटाळा त्यामुळेच झाला. हे आत्ताच सांगायचं कारण असं, की तुमच्या आईने तुम्हाला फोनवर सांगितलेल्या हकिकतीत तुमची ही आजी शेवटी बेशुद्ध पडते. मी पडले नाही. (मी बोलते आहे आणि फोन लिहून घेतो आहे. शुद्धलेखनाच्या चुका त्याच्या.)

आमच्या कळंब्याच्या कॉलनीतल्या आम्ही सहाजणी दर गुरुवारी चार वाजता माझ्याकडे जमतो आणि मी कादंबरीचं एक प्रकरण वाचते. नियम माझेच. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यावर माणूस नियमांशिवाय चहासुद्धा पीत नाही. पहिला नियम असा, की वाचणारी प्रकरणाच्या मध्येच थांबली किंवा अडखळली, तर पुस्तक कायमचं शेजारच्या खुर्चीकडे. शेजारच्या खुर्चीत रजनी बसते. अकरा वर्षं ती माझ्या खोकल्याची वाट बघते आहे.

मग माझी नजर गेली. सगळी नाही. मधली गेली, कडेची राहिली. म्हणजे समोरच्या माणसाचे दोन्ही कान दिसतात, नाक दिसत नाही. पुस्तकाचा समास दिसतो, मजकूर नाही. बायकांना मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुस्तक गेलं असतं, आणि पुस्तकाशिवाय मी गुरुवारी चार वाजता काय करणार होते?

ईशान, तुला मात्र सांगावं लागलं. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं त्यांना पुस्तकं वाचून दाखवणारं ॲप तू व्हिडिओ कॉलवरून माझ्या फोनमध्ये घालून दिलंस. तुझ्या सात सूचना मी ठळक अक्षरात वहीत उतरवल्या. सहा पाठ केल्या. सातवी होती, वाचताना फोनचे बाकीचे आवाज बंद करणे. ती वहीतून बघून घेऊ म्हटलं. (वहीतून बघता आलं असतं तर ॲप कशाला लागलं असतं, हे त्या वेळी सुचलं नाही.)

योजना पक्की होती. फोन मांडीवरच्या पिशवीत, वायर पदराखालून कानात, हातात छापील पुस्तक. कानातली बाई पुढे, मी अर्धं वाक्य मागे, वर माझा भाव. वायर दिसू नये म्हणून मी जन्मात पहिल्यांदा डोक्यावर पदर घेतला.

"आज डोईवर पदर? कोण पावणं याला लागल्यात व्हय, बाई?" सुमन म्हणाली. सुमन म्हणजे दोन म्हशी, खणखणीत आवाज आणि दिवाळीला अख्ख्या कॉलनीला करंज्यांचे डबे.

"कान गार पडतात," मी म्हटलं.

दोन गुरुवार निभावले. तिसऱ्या गुरुवारी नायक होडीत बसायच्या बेतात होता आणि नायिका घाटावर उभी होती. रजनीने डोळ्यांना रुमाल लावला होता. मी आवाज खाली आणला.

"ती हुंदका आवरत म्हणाली, बॅटरी पंधरा टक्के. कृपया चार्जर जोडा."

रुमाल खाली आला. थांबायची सोय नव्हती. थांबले की पुस्तक गेलं. कानातून तोंडात शब्द नेताना मधे डोक्याला कामच उरत नाही, त्यामुळे पुढचंही मी तितक्याच आर्ततेने म्हटलं.

"शालन, मलकापूर, यांचा संदेश. वहिनी, सुमनच्या करंज्यांचा डबा तुम्ही इकडे पाठवलात तो पोचला. तुम्ही म्हणाला होता ते खरंच आहे. करंजी नव्हे, पेपरवेट. आमच्या कुत्र्याने एक चाटून परत दिली."

शालन म्हणजे माझी नणंद. संदेश संपेपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला होता, पण नियम तो नियम. त्यानंतरची दोन वाक्यंही मी वाचली. "होडी दिसेनाशी झाली. प्रकरण समाप्त." आणि पुस्तक मिटलं.

मला सुमनचे फक्त कान दिसत होते, आणि ते लाल झाले होते.

मी पदर काढला, वायर काढली आणि सांगून टाकलं. "चार महिने नजर उतरत होती. आता मला अक्षर दिसत नाही."

"म्हाईत हाय आमास्नी," सुमन म्हणाली. "दोन गुरुवार झालं, पान उलटायचंच इसरतासा तुम्ही. एकाच पानावर लगीन बी झालं आन् सासू बी मेली."

"मग पुस्तक माझ्याकडं आलं की," रजनीने हात पुढे केला. "नियम बाईंचाच हाय."

मी पुस्तक उचललं. ते द्यायचंच होतं. पण सुमनने मधेच हात घातला.

"कशापायी? अडखळल्या कुठं? माझ्या करंजीला पेपरवेट म्हणताना सुदिक जीभ चळली न्हाय यांची. चाटून परत दिली म्हणताना तर आवाज कसा भरून आलता. पुस्तक बाईंकडंच ऱ्हायाचं."

रजनीने हात मागे घेतला. मग सुमन माझ्याकडे वळली. "आन् बाई, हितनं फुडं माझी करंजी हितंच खायाची. माझ्या म्होरं."

सातवी सूचनाही तिनेच अमलात आणली. तिच्या सुनेला अशा फोनचं सगळं कळतं. आता वायर उघड असते आणि पान उलटायची वेळ आली की रजनी कोपर मारते. दर गुरुवारी चार वाजता मी वाचते आणि वाचून झालं की सगळ्यांदेखत एक करंजी खाते. (दात दोन गेले. ते वेगळं.)

शालनने तो डबा परत धाडला. त्यातली एक करंजी अजून शाबूत आहे. वहीची पानं पंख्याने उडू नयेत म्हणून मी ती मेजावर ठेवली आहे.